निळीला हात लावायचा न्हाय

पिराजी कशाला भ्यायचा न्हाय, असं उचगावात कुणीही छातीवर हात ठेवून सांगेल. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभं राहून त्याचं आयुष्य गेलं. तापलेला लोखंडाचा कीस मनगटावर उडाला तरी गडी नुसता "हं" करायचा आणि हातातलं काम पुरं करायचा. बायको गेली तेव्हासुद्धा चारचौघांत त्याच्या डोळ्यांतनं टिपूस आलं नाही. पण लोकांना काय कळतंय, कप्पाळ! गेलं वर्षभर हा माणूस सकाळी डोळे उघडायला भीत होता.

अंथरुणात पडल्या पडल्या तो आधी समोरच्या खुंटीवरची टोपी बघायचा. पांढरी टोपी, पांढरी भिंत. सुरुवातीला टोपीची कड दिसायची. मग नुसतं टोपीचं धूसर पांढरं उरलं. श्रावण सरता सरता एक दिवस टोपीही गेली आणि खुंटीही गेली. डावा डोळा मिटल्यातच जमा झाला होता, उजव्यात धुकं भरलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मोतीबिंदू तर आहे, दवाखान्यात जा, दुपारी चालत घरी या. सगळ्या गल्लीतली म्हातारी करून आली की! खरं आहे. पण पिराजीच्या थोरल्या भावाचा डोळा मागं एका शिबिरात गेला होता, आणि तो पू भरलेला डोळा पिराजीनं स्वतःच्या हातानं पुसला होता. तेव्हापासून दवाखान्याचं नाव निघालं की तो विषय बदलायचा. आणि त्याहून मोठं भय वेगळंच होतं. डोळे गेले हे घरात कळलं, की निळी गेली.

निळी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. दोन दारांची, ठेंगणी, बॉनेट उघडलं की मडगार्डासकट सगळं तोंड पुढं कलंडणारी. पिराजीच्या बापानं ती जयसिंगपूरच्या एका अडत्याकडनं घेतली, तेव्हा पिराजी मिसरूड फुटलेला पोरगा होता. आता तसली गाडी रस्त्यावर दिसली तर माणसं मोबाईल काढून उभी राहतात. तिचे सुटे भाग बाजारात मिळेनात, तेव्हा पिराजीनं ते लेथवर काढले. बुश म्हणू नका, पिन म्हणू नका. बापानं मरताना शेताचं काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाला, "निळीला परक्याचा हात लागू द्यायचा न्हाय." पिराजीनं ते असं धरलं की पोटच्या पोरालाही त्यानं परक्यात धरलं. धैर्यशीलला गाडी चालवायची मुभा होती, पण बॉनेटला हात? हात मोडीन म्हणायचा!

या वर्षी मात्र पिराजी स्वतःच चालवेनासा झाला. गुडघा दुखतोय म्हणाला. गुडघा ठणठणीत होता. दसऱ्याला जोतिबाला जाऊन पुढं कोडोलीला सुनेच्या माहेरी जायचं ठरलं, तेव्हा तो म्हणाला, "तुमी जावा. मी घर राखतो." सून क्रांती मोठी चाणाक्ष. तिनं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, आज काय तिथी हाय बघा की कॅलेंडरात." पिराजी भिंतीजवळ गेला, कॅलेंडरावर बोट ठेवलं आणि बरोबर सांगितली. रात्रीच रेडिओवर ऐकून पाठ करून ठेवली होती ना! एवढी लबाडी लेथवर केली असती तर मालकानं हाकलला असता.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, आणि पिराजीच्या घरात त्याच दिवशी निळीचं तेलपाणी करायचं, अशी बापापासूनची रीत. ब्रेकच्या भांड्यातलं जुनं तेल पिचकारीनं उपसायचं, नवं भरायचं, मग पाने, हातोडे, मापाचं व्हर्नियर सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ. धैर्यशीलनं आदल्या आठवड्यात दोन डबे आणून ठेवले होते, एक ब्रेक ऑइलचा, एक इंजिन ऑइलचा. दोन्ही एकाच आकाराचे. पिराजीला त्याची फिकीर नव्हती. फळीवर उजवीकडं ब्रेकचं, डावीकडं इंजिनचं, ही त्याच्या हयातीतली मांडणी.

पण नवरात्राआधी क्रांतीनं घर धुऊन काढलं होतं. घट बसायचे म्हणजे घरातली चमचावाटीसुद्धा हलते, फळी कशी सुटेल? तिनं डबे पुसले आणि परत ठेवले. कुठला कुठं, तिला काय ठाऊक.

पिराजीनं उजवीकडचा डबा उचलला, झाकण फिरवलं, सील नखानं फोडलं आणि ओतलं. एरवी त्यानं वास घेतला असता, बोटावर चोळून बघितलं असतं. पण खोलीत उदबत्तीचा आणि धुपाचा नुसता लोट. बोटं कुंकवानं माखलेली. शेजारी नात अनुजा उभी, नऊ वर्षांची, डोळ्यांत तेल घालून बघणारी. तिच्यासमोर चाचपडत बसला असता तर बिंग फुटलं असतं. म्हणून त्यानं झटक्यात ओतलं, झटक्यात झाकण लावलं. पेडल दाबून बघितलं तर कसं टणक! इंजिनला तेल लागलंच नाही, त्यामुळं दुसरा डबा तसाच राहिला.

दसऱ्याच्या सकाळी निळीच्या चाकाखाली लिंबं ठेवली. पुढच्या सीटवर अनुजा बसली. घरातल्या लहानग्याला त्या दिवशी पुढची जागा, तोही या घराचा मानच. पट्टा वगैरे निळीला कधी नव्हताच. लिंबं फुटली, गाडी गेली, आणि पिराजी पुढच्या सोप्यात बसून सुस्कारला. निभावलं एकदाचं.

चहाचा कप धुऊन होतोय तोवर गैबी आला. गैबी म्हणजे कोपऱ्यावरचा स्कूटर मेस्त्री, पिराजीचा बालमित्र. तो म्हणाला, "पिराजी, जरा ब्रेक ऑइल दे. एक पावणं अडकून पडल्यात, आन आज सगळी दुकानं बंद."

"घे की. उजवीकडचा डबा."

"ह्यो इंजिनचा हाय."

"मग डावीकडचा आसंल."

गैबीनं दुसरा उचलला. झाकण काढलं आणि हसला. "येड्या, ह्याचं सील बी फोडलं न्हाईस की. मग काल निळीत काय ओतलंस, ताक?"

काल हातात कुठला डबा आला होता, ते पिराजीला त्या क्षणी कळलं. तोंडातनं मात्र सवयीनं खोटंच आलं, "जुनं उरलंतं थोडं, त्ये घातलं." गैबी बरं म्हणून वळलाही. तेवढ्यात पिराजीला उद्यमनगरातली एक जुनी गोष्ट आठवली. कुणीतरी गंमत म्हणून ब्रेकचा रबरी वायसर इंजिनच्या तेलात टाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो भिजलेल्या हरभऱ्यासारखा फुगला होता, आणि बोटानं दाबला तर त्याचा चक्क लगदा. जोतिबाचा चढ. आणि मग पुढं कोडोलीकडचा उतार.

"गैबी!" तो ओरडला, तो आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "पोरं घाट उतरनार हायती रं! मी ब्रेकात इंजिनचं तेल ओतलंय!"

धैर्यशीलचा फोन लागेना. फोनातली बाई आपली एकच पालुपद सांगत होती, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. क्रांतीचा फोन लावला तर तो स्वयंपाकघरातच वाजला, चार्जिंगला. गैबीनं पावण्याला तिथंच सोडलं आणि स्कूटर काढली.

दसऱ्याचा रस्ता म्हणजे काय सांगावं. माळा घातलेले ट्रॅक्टर, नव्या गाड्या, पंचगंगेच्या पुलावर मुंगीला वाट नाही. पिराजी मागं बसून गैबीचा खांदा असा दाबत होता की गैबी कण्हला. त्याला नुसते रंगाचे ओघळ दिसत होते. त्यात निळा ओघळ आला की तो गैबीला हलवायचा.

"गैबी, थांब थांब! त्यी बघ, रस्त्याकडंला, उलटलीया!"

"ताडपत्री हाय ती. उसाच्या रसाचं दुकान."

पुन्हा थोड्या अंतरावर, "ती बघ निळी! थांब!"

"आरं बाई हाय ती, निळ्या लुगड्यातली." मग गैबी गप्प झाला. केर्ली फाट्याला वळताना त्यानं मान न वळवता विचारलं, "तुला दिसत न्हाय व्हय रं?"

पिराजीनं त्याच्या खांद्यावरची पकड ढिली केली. 

"कवापास्नं?"

"लय दिस झालं."

"भाड्या," गैबी म्हणाला, आणि त्यानं ॲक्सिलेटर पिळला.

फाट्याच्या पुढं गर्दी लागली. माणसं ओरडत होती, कुणीतरी "उचला, उचला" म्हणत होतं. पिराजीनं हात जोडले. देवाला काही बोलावं तर शब्द सुचेना, नुसतं "अनू, अनू" एवढंच तोंडात येत होतं. पालखी होती. खड्ड्यातनं पालखी उचलत होते, मागं हलगी कडाडत होती. पिराजीला हसूही येईना आणि रडूही येईना. त्याचं धोतर घामानं मांडीला चिकटलं होतं.

कुशिऱ्याच्या पुढं पहिला उभा चढ लागतो, तिथं गैबीनं स्कूटर थांबवली. "हायती," तो म्हणाला. "समदी हायती. उतर."

निळी कडेला उभी होती. पुढच्या चाकांतनं जळकट वास येत होता. धैर्यशील हात उंचावून हसत आला. "अण्णा! तुमी कसं काय? अवो, चमत्कार झाला! मोठी एसटी आली म्हणून चढाला जरा ब्रेक दाबला, तर निळी जागच्या जागी घट्ट. चाकंच सोडंनात. ढकलली तरी हलंना. एक म्हातारं म्हणालं, म्होरं उताराला काय तर होनार हुतं, गाडीला कळालं. जोतिबानंच धरली तिला."

ब्रेकातली रबरं फुगली होती. फुगून त्यांनी तेलाची वाट बंद केली आणि ब्रेक आवळून धरला. वर माथ्यावर पोचल्यावर ती फुगली असती, किंवा फाटली असती, तर काय झालं असतं ते पिराजीला सांगायला कुणी नको होतं. क्रांती निळीच्या बॉनेटला कुंकू लावत होती. नारळ हातातच होता. येणारेजाणारे थांबून गाडीला हात जोडत होते. कुणी म्हणे राखणदार गाडी, कुणी म्हणे जुनं ते सोनं.

गैबी पिराजीच्या कानाशी आला. "गप ऱ्हायचं आसंल तर गप ऱ्हा," तो हळू म्हणाला. "मी रबरं बदलतो. कुनाला कळत न्हाय. पर डोळं दाखवायचं, माझी शपथ हाय."

खरं सांगू? पिराजीला ते पटलं. भ्यालेल्या माणसाला आडोसा मिळाला की तो शिरतोच. घाटातल्या उन्हात त्याला तर आता काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा उजेड. सगळे खूश होते. सगळे जिवंत होते. सांगून कुणाचं भलं होणार होतं?

तेवढ्यात त्याला निळीच्या दाराचा आवाज ऐकू आला. त्या दाराची कडी आधी खटकते, मग बसते. ती कडी त्यानं स्वतः बनवली होती. डावं दार. पुढची सीट. अनुजा ऊन लागतंय म्हणून परत आत जाऊन बसली होती.

"उतर!" पिराजी किंचाळला. "खाली उतर, अनू! उतर म्हणतो न्हवं!"

सगळे दचकले. अनुजा घाबरून खाली आली.  "कुंकू लावू नगंस तिला," तो क्रांतीला म्हणाला. "जोतिबा न्हाय आन गाडी न्हाय. ब्रेकात मी इंजिनचं तेल घातलंय. मला दिसत न्हाय."

धैर्यशील हसता हसता थांबला. त्यानं चाकाकडं बघितलं, मग वर माथ्याकडं, मग तो रस्त्याच्या कडेला मटकन खालीच बसला.  मग क्रांती बोलली, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पोर फुडं बसलीती, अण्णा."

पिराजीनं सदऱ्याखाली हात घातला. निळीची एक किल्ली त्याच्या करदोट्याला असायची, आंघोळीलाही न सुटणारी. बापानं तिथं बांधली होती. गाठ सुटेना, शेवटी त्यानं हिसडा मारून दोरा तोडला. किल्ली तळहातावर घेऊन त्यानं हात पुढं केला.

"धर," तो म्हणाला. "धैर्यशील, धर बाबा. आता तुझी."

समोर कुणीच नव्हतं, नुसती दरी होती. धैर्यशील त्याच्या पाठीमागं बसला होता. पिराजी तसाच हात पुढं धरून उभा राहिला, कुणी किल्ली घेईना म्हणून तो आणखी भ्याला. मग अनुजा पुढं झाली, तिनं त्याचं मनगट धरलं आणि आजोबाचा हात हळूच आपल्या बापाकडं वळवला.