सात माणसांचा राष्ट्रीय पक्ष

जिंकणाऱ्या पक्षाकडे किस्से फार नसतात. त्यांना सत्कारातून सवड कुठे! किस्से साठतात ते हरणाऱ्यांच्या ऑफिसात. आमचा पक्ष राष्ट्रीय, दुसऱ्या राज्यांत सरकारं चालवलेला. महाराष्ट्राच्या शाखेचं मात्र अवघड, आणि वऱ्हाडात तर डिपॉझिट वाचलं तरी आम्ही पेढे वाटतो. मी अमरावतीच्या जिल्हा कार्यालयाचा सचिव. म्हणजे कुलूप उघडणारा, पत्रं टाइप करणारा आणि निकालाच्या दिवशी सगळ्यांना पाणी देणारा.

*

विधानसभेला अमरावतीतून आमचे उमेदवार होते रफीकभाई, शेंदूरजनाघाटची संत्री विकणारे व्यापारी. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. आणि पक्षानं उमेदवारी दिल्याचा बी फॉर्म मुंबईच्या प्रदेश कार्यालयानं पाठवला अकोल्याला! मी फोन केला, तर वरून विचारणा, "अकोला-अमरावती एकच ना?"

आमचे जिल्हाध्यक्ष बाबारावजी, वय अडुसष्ट, तो आणायला सकाळीच गाडी घेऊन निघाले. पावणेतीन झाले. त्यांचा फोन लागेना. तीनला निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीचं दार बंद होणार. रफीकभाई एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून दारात उभे.

पोलीस वैतागला. "चाचा, आत या, नाही तर बाहेर व्हा!"

"साहेब, मी तं आलो. माहा पक्ष येऊन राह्यला!"

दोन मिनिटं उरली असताना पक्ष धापा टाकत जिना चढला.

*

रफीकभाई हरले. दणकून हरले. मग पराभवाची कारणं शोधायला मुंबईहून निरीक्षक आले. दार लावून घेतलं, वही उघडली.

"पराभवाचं कारण?"

बाबारावजी म्हणाले, "मतं कमी पडली."

निरीक्षक लाल झाले. "मला सगळं कळलंय. इथे कुणीतरी गद्दारी केली आहे. नाव सांगा, नाहीतर अख्खी कार्यकारिणी बरखास्त करतो!"

रफीकभाई उठले.

"साहेब, गद्दारी कराले बी मानसं लागते. आमी सातच आहो!"

*

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. सकाळी टीव्हीवर पट्टी सुरू झाली : अकोल्यात बड्या पक्षात आज अनेकांचे प्रवेश. बाबारावजींचा फोन बंद. घरी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "अकोल्याले गेले, नवा सदरा घालून."

ऑफिसात कुणी चहासुद्धा पिईना. बत्तीस वर्षं जो माणूस हरत आला, तोच गेला तर राहिलं काय? रफीकभाईंनी भिंतीवरची पाटी पाहिली, तिच्यावर बाबारावजींचं नाव. ती पुसावी की नाही, हेही कळेना.

दुपारी बाबारावजी दारात. तोच नवा सदरा, पण गळ्यात नव्या पक्षाचं उपरणं नाही.

"गेलतो," ते सरळ म्हणाले. "खुर्चीवर बसलो बी होतो. प्रवेशाच्या वक्ताले मायकवरून पुकारलं, बाबूराव या! बाबूराव! मी उठलोच नाई."

मी चहा सांगितला. त्यांनी कप तोंडाला लावला आणि हळूच म्हणाले, "इथं हरलो तरी नावानं हाक मारता लेकहो."

*

आम्ही जिंकलोही आहोत हं! परतवाड्याला, नगरपरिषदेची एक जागा. एकोणीस मतांनी. फेरमोजणी झाली, तेव्हा आमच्या उमेदवाराची छाती इतकी धडधडत होती, की मी त्याला बाकावर आडवं केलं. निकाल कायम! बाहेर आलो आणि लक्षात आलं, गुलालच आणलेला नाही. आणायची सवयच नाही!

समोर हरलेल्यांची गर्दी, डोळे लाल केलेली. त्यांच्या टेम्पोत गुलालाची दोन पोती. बाबारावजी थेट त्यांच्यात शिरले. आम्हाला वाटलं, आता मारामारी होते.

"भाऊ, तुमाले तं आता लागत नाई. एक पोतं द्या ना."

त्यांच्या हरलेल्या उमेदवारानं स्वतः पोतं उचलून दिलं. "घ्या. तुमाले पुन्हा कधी लागते का नाई!"

*

आणि सुशीलाताई. आमच्याच जिल्ह्याच्या अकोल्याकडच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. जिल्हा परिषदेला आमच्याकडून उभ्या राहिल्या. मतमोजणीला मी त्यांचा प्रतिनिधी. एका गावचं मशीन उघडलं. त्या गावात सरपंचाच्या पक्षाशिवाय पान हलत नाही, आम्हाला तिथे आजवर शून्य. त्या दिवशी निघालं एक.

ताई हरल्या, पण त्या एका मताचं सोडेनात. "मले त्याचे आभार मानाचे हायेत." मी नको म्हणत होतो. तरी गेलो.

गावात शिरलो तर चौकात माणसं जमलेली. मधे सरपंच. समोर म्हातारा शिंपी हात जोडून उभा. "मी नाई जी, लेकराची आन!"

सरपंच आमच्याकडे वळला. "बरं झालं आल्या. आमी बी त्यालेच शोधून राह्यलो. याच्यावरच शक हाये. आठ दिवसांपासून कोनी याच्याकडं कपडा शिवाले टाकत नाई. तुमीच सांगा, हाच का?"

ताईंचा चेहरा उतरला. आपण आभार मानायला नाही, एखाद्याला उघडं पाडायला आलो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या शाळेत बोलत तशा खणखणीत बोलल्या.

"मी कोनाले शोधाले नाई आली. माहं इथं कोनीच नाई. ते मत चुकून पडलं. कोनाचं तरी बोट घसरलं असन. त्याच्यासाठी गरिबाले काहून तरास देता?"

चौक हसला. सरपंचही हसला. "घ्या! ताईच म्हंते, बोट घसरलं!" शिंप्याच्या पाठीवर थाप मारून त्यानं त्याला सोडलं, आणि आम्हाला म्हणाला, "आता आल्या तं चहा घेऊन जा."

त्याच्या घरी चहा झाला. निघताना सरपंचाची बायको कुंकवाचा करंडा घेऊन आली. नवरा अंगणात लोकांशी मोठ्यानं बोलत होता. मी दारात चप्पल घालत होतो. तिनं ताईंना कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला आणि उठता उठता पुटपुटली,

"माहं बोट नव्हतं घसरलं, ताई."