बसला का रे जनरेटर?

माझ्या धाकट्या दिराला बाजारात सगळे मायनसभाऊ म्हणतात. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो शेंबूड पुसत शाळेत जायचा, त्यामुळे त्याला अहोजाहो करणं मला कधी जमलं नाही, आणि आता जमवायचंही नाही. त्याचा धंदा जनरेटर बसवण्याचा. बॅटरी जोडताना प्लसची तार आधी, मायनसची सगळ्यात शेवटी. सोडवताना मायनस आधी. हे तो हाताखालच्या माणसांना इतक्यांदा ऐकवतो की तेच नाव पडलं. पाना घसरला तर ठिणगी उडते आणि बॅटरी तोंडावर फुटते, असं त्याचं म्हणणं. असेल बाई! पण जेवतानाही तेच ऐकायचं म्हणजे काय?

माणूस चोख, पण हट्टी. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, खिडकीखालीच ठेवा की, तार कमी लागेल," की हा पाने गोळा करून निघालाच. सुरुवातीच्या काळात एका शिंप्याच्या आग्रहाला बळी पडून त्याने जनरेटर बंदिस्त गॅलरीत बसवला होता. लाइन गेली, मशीन सुरू झालं, धूर आत कोंडला आणि शिंप्याची बायको बेशुद्ध पडली. दार तोडून बाहेर काढली म्हणून वाचली. तेव्हापासून हा ताकही फुंकून पितो. काम संपलं की त्याची एक ठरलेली पद्धत आहे. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बोलवायचं आणि त्याच्याच हाताने मेन स्विच बंद करायला लावायचा. अंधार होतो, मशीन आपोआप सुरू होतं, दिवे लागतात, म्हातारी माणसं पोरांसारखी हसतात. मग हा आतल्या खोलीत जातो आणि खिडकीशी नाक नेऊन हुंगतो. धुराचा वास नाही, म्हणजे काम पसंत.

आमच्या स्वतःच्या घरी मात्र जनरेटर नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मग सासूबाईंची फुप्फुसं थकली. इस्पितळात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. थोड्या सावरल्या तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांना आता घरी न्यायला हरकत नाही. ऑक्सिजनचं मशीन लावा. पण ते विजेवर चालतं, आणि तुमच्याकडे लाइन गेली की अर्धा अर्धा दिवस येत नाही. आधी जनरेटर बसवा, मग सोडते."

सासूबाईंना हसूच फुटलं. "जनरेटर? अहो, माझं पोर दुसरं करतं काय!"

त्यांना एवढंच हवं होतं. आपली खोली, आपली खाट, खिडकीतून दिसणारा रस्ता. इस्पितळात शेजारची बाई सारखी कण्हायची, यांचा डोळा लागायचा नाही. "मरायचंच तर माझ्या खाटेवर मरेन. इथे परक्यांत नको," असं तोंडावर म्हणाल्या. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. आमचं पटायचं ते म्हणूनच.

दिराने कबूल केलं, "याच आठवड्यात नेतो, आई." जनरेटरचं मशीन आणलंही. सासूबाईंच्या खिडकीखाली चांगली फरसबंद जागा होती. मी म्हटलं, "ठेव इथेच." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हातारीला विष घालायला सांगत होते. मशीन गेलं मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात. तिथली जमीन उतरती, म्हणून ओटा घातला. ओटा वाळेपर्यंत थांबणं आलं. मग जमिनीखालून तार. मग लाइन आणि जनरेटर यांची अदलाबदल करणारी पेटी. ती नसेल तर आपली वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे चढलेल्या वायरमनचा जीव जातो. आता यावर कोण वाद घालणार?

रोज संध्याकाळी तो इस्पितळात गेला की सासूबाईंचा पहिला प्रश्न, "बसला का रे?"

"होतंय, आई."

"लोकांकडे एका दिवसात बसवतोस की रे मेल्या!"

"लोकांकडे ओटा तयार असतो," म्हणून तो हसायचा. आठवडा उलटून गेला.

शेवटी फक्त बॅटरी राहिली. नवीन आली, तर तिची एक बाजू फुगलेली. याने ती तशीच परत पाठवली. दुसरी बाहेरगावाहून यायची होती. मला ठाऊक होतं, त्याच्या दुकानात एक वापरलेली पडून होती. माझं डोकंच फिरलं. "लाव ना ती तात्पुरती! म्हातारी तिकडे वाट बघून झुरतेय आणि तू इथे नखरे करतोयस!"

तो चिडला नाही. म्हणाला, "वहिनी, जी बॅटरी मी गिऱ्हाइकाला लावत नाही, ती आईला लावू? ऐन वेळी मशीन सुरू नाही झालं तर? तुझ्या डोळ्यांदेखत तिचा श्वास अडकेल."

मी इस्पितळात न्यायचा डबा भरायला घेतला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलंच नाही. त्याने आपणहून सांगितलं, "फक्त बॅटरी राहिलीय, आई." त्यांनी त्याचा हात थोपटला. "नीट कर रे. घाई नको." सकाळी छातीत कफ दाटला, आणि दुपारच्या आत सगळं संपलं.

बॅटरी आली तेव्हा घरात भेटायला आलेली माणसं बसली होती. तो उठून मागे गेला आणि ती जोडून आला. प्लस आधी, मायनस शेवटी. मेन स्विच मात्र कोणी बंद केला नाही. आमचे हे आता घरात सगळ्यात मोठे, ते म्हणाले, "मी करतो." तर दीर म्हणाला, "नको दादा. ते आईच्या हातून व्हायचं होतं."

नंतर एकदा ताटावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "वहिनी, ती जुनी लावली असती तर चार दिवस तरी घरी राहिली असती ना गं?" मला खोटं बोलवेना आणि खरं काय ते माहीत नव्हतं. मी भाजी वाढली. त्याने ती तशीच ठेवली.

परवा संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि बॅटरी जोडल्यानंतर पहिल्यांदाच लाइन गेली. मी काड्यापेटी चाचपडतेय, तोच मागच्या कोपऱ्यात घरघर झाली आणि सासूबाईंच्या खोलीत दिवा लागला. तेवढ्याच खोलीत. बाकी सगळं घर अंधारात. त्याने जनरेटरवर फक्त त्यांची खोली घेतली होती. मशीन कमी पडायला नको म्हणून.

तो उष्ट्या हाताने तसाच उठला. आत पंखा फिरत होता. खाटेवरची गादी मी गुंडाळून ठेवली होती. उशाशी ऑक्सिजनच्या मशीनसाठी बसवलेला प्लग होता, त्याचा लाल दिवा पेटलेला. तो खिडकीपाशी गेला आणि हुंगत उभा राहिला, कितीतरी वेळ.

"वहिनी, वास नाही ना गं येत?"

मी जवळ जाऊन श्वास घेतला. "नाही रे. अजिबात नाही."

तो खाटेच्या कडेवर बसला, गुंडाळलेल्या गादीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बसला गं, आई." आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. लाइन येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसून राहिले.