झाकणाच्या आतल्या बाजूला

बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या निम्म्या भिंतींना आतून ओळखणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या नणंदेचा नवरा आहे. आमचा सगळा गोतावळा त्यांना दाजी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. धंदा वायरमनचा. कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे नंतर बघतात, आधी भिंतीकडे. हाताची पालथी बाजू भिंतीवरून फिरवतात, डोळे अर्धे मिटतात आणि म्हणतात, "हितनं वायर गेलीया, आन् खिडकीपाशी जरा दमलीया." अशा वेळी ते भिंतीच्या आत कुठेतरी फिरायला गेलेले असतात. आपण हाका मारू नयेत, चहाचं आधण ठेवावं. कन्हेरीला, माझ्या सासरी, वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला बघायला आले, तेव्हा बैठकीतली ट्यूब फडफडत होती. पोह्यांची बशी खाली ठेवून दाजी स्टुलावर चढले, ते ट्यूब शांत होईपर्यंत उतरलेच नाहीत. तेवढ्यात मुलगी आली, बसली, नाव सांगितलं आणि आत गेली. वन्सं अजून सांगतात, "मी यांचे नुसते पाय बघितले आन् होकार दिला."

त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे दिवस मोडतो. इंदापूर रस्त्याला उसाच्या कडेने त्यांची मोटारसायकल अशी चालते की मागून सायकलवाले पुढे जातात. मध्येच एखाद्या ट्रान्सफॉर्मरखाली गाडी बंद करून उभे राहतात, मान तिरकी करून त्याची गुणगुण ऐकतात आणि समाधानाने सांगतात, "आज सुरात हाय." नव्या घराचं वायरिंग झालं की घरच्यांना बाहेर काढतात, सगळे दिवे लावतात आणि रिकाम्या घराच्या मधोमध पालथ्या बादलीवर बसून राहतात. घराला उजेडाची सवय होऊ द्यायची असते म्हणे. इंदापुरात एका वास्तुशांतीला त्यापायी भटजी अर्धा तास अंगणात ताटकळले होते. मालक ओरडला तेव्हा दाजी आतून म्हणाले, "आलोच. सैपाकघर अजून बुजतंय."

असा माणूस शिडीवर चढतो, हेच मुळात धोक्याचं. गेल्या वर्षी इंदापूरच्याच एका बंगल्यात ते शिडीवरून पडले. घोटा सांधला, पण वर चढलं की तो पाय थरथरतो. ते कामाला गेले की वन्सं त्यांची गाडी वाजेपर्यंत उंबऱ्यात बसून राहायच्या. नुसता लसूण सोलत बसायच्या. घरात इतका लसूण झाला की शेजारणी न्यायला लागल्या. त्यातच एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कंपनीत जागा निघाली. देखभालीचा इलेक्ट्रिशियन, काम सगळं जमिनीवर, पॅनलच्या खोलीत. वयाची अट पन्नास, अर्ज शनिवारपर्यंत. दाजींना पुढच्या महिन्यात पन्नास पूर्ण होणार होती. हा अर्ज गेला नाही, तर पुढे शिडी होतीच.

माझं एमआयडीसीच्या कोपऱ्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वेल्डरचा, फिटरचा, वॉचमनचा, सगळे अर्ज माझ्या कॉम्प्युटरात तयार असतात. नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची, पाच मिनिटांचं काम. मंगळवारी दाजी आले. मी वाचून दाखवायला लागले, "मी मेहनती व प्रामाणिक असून..."

"मेहनती कसं म्हणायचं वैनी? निम्मा वेळ तर मी बसूनच असतो."

"सगळेच लिहितात."

"आन् प्रामाणिक हे मी कसं सांगू? ते दुसऱ्यानं म्हणायचं असतं."

"बरं, काढते. 'कोणत्याही पाळीत काम करण्यास तयार आहे.'"

"दुपारी दोन ते तीन मी कुणाच्याच कामाचा न्हाय. सायबाला आधीच सांगितल्यालं बरं."

"दाजी, तुम्हाला नोकरी पाहिजे का नको?"

"पाहिजे की. तुमच्या वन्संचा लसूण थांबला पाहिजे."

अनुभवाचा दाखला मागितला, तर तोही नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट आणि लायसन होतं, पण इतकी वर्षं काम केलं ते लोकांच्या घरात, आणि घरं दाखला देत नाहीत. शेवटी म्हटलं, तुम्हीच लिहून आणा. गुरुवारी त्यांनी वायरच्या खोक्याचा पुठ्ठा आणला. त्यावर एवढंच होतं: 'साहेब, तुमच्या गेटावरचा डावीकडून दुसरा दिवा आठ दिवस डोळे मिचकावतो आहे. आत कुठेतरी वायर सैल आहे. त्याला रागावू नका.' मी पुठ्ठा परत दिला आणि म्हटलं, हा अर्ज नव्हे, दिव्याची तक्रार आहे. ते खालमानेने गेले. मला वाईट वाटायला वेळ नव्हता, दुकानात गर्दी होती.

शुक्रवारी दुपारी माझ्या प्रिंटरचा प्लग जळका वास मारायला लागला. दाजी इंदापूरला. मी कुणाची वाट बघत बसणारी बाई नाही. बटण बंद केलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बोर्डाचं झाकण सोडवलं. वायरला हात घालणार, तेवढ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. अक्षर दाजींचं, दुकान थाटलं तेव्हाचं.

'पुढच्या वायरमनला नमस्कार. बटण बंद असलं तरी तिसरी काळी वायर चालू असते. त्या दिवशी करंटची लाल वायर संपली होती म्हणून तिच्या जागी काळी ओढली, चूक माझी. वर लाल पट्टी गुंडाळली आहे, पण पुढेमागे सुटेल. आधी मेन बंद करा. वहिनी, तुम्ही असाल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.'

पट्टी सुटून डब्याच्या तळाशी पडली होती. काळी वायर माझ्या बोटापासून चार अंगुळांवर होती. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग स्टुलावर बसले. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, मला ते लांबून, कालव्यापलीकडून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. जरा वेळाने दाजींना फोन लावला.

"दाजी, हे असं सगळ्या बोर्डांत लिहिता का?"

"व्हय. पुढचा माणूस कोण येईल, काय ठावं. त्यो तर आंधळाच हात घालणार. त्याला सांगाया नको?"

"मग हे अर्जात का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं वैनी? नुसत्या माझ्या चुका हायत त्या."

संध्याकाळी त्यांनी येऊन काळी काढून लाल वायर ओढली आणि बोर्डाला नवं झाकण लावलं. जुनं झाकण मी झेरॉक्सच्या काचेवर उपडं ठेवलं. तयार अर्जातलं मेहनती, प्रामाणिक, सगळं काढून टाकलं. नाव, वय, शिक्षण राहिलं आणि खाली 'सोबत' म्हणून तीन ओळी टाकल्या: आयटीआय सर्टिफिकेटची झेरॉक्स, लायसनची झेरॉक्स, अनुभवाचा दाखला म्हणून बोर्डाच्या झाकणाची झेरॉक्स. दाजी कासावीस झाले. "सायेब म्हणंल, ह्याला वायरीचा रंग कळत न्हाय."

"म्हणू दे. सही करा."

मुलाखतीत साहेबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि एकच विचारलं, "सगळीकडे लिहिता?" दाजी म्हणाले, "मोठा बोर्ड असला तर जरा जास्त लिवतो." पहिल्या तारखेला ते कामावर रुजू झाले.

आता त्यांना गणवेश आहे आणि पॅनलच्या खोलीची किल्ली आहे. तिथे पेन्सिल चालत नाही, छापील रजिस्टर आहे, त्यात फक्त आकडे. वन्संच्या घरात लसूण विकत आणावा लागतो. रविवारी दाजी आमच्याकडे येतात, चहा घेतात आणि तळहात भिंतीवर ठेवून उभे राहतात, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. "तितलं समदं नवं हाय," म्हणतात. "कुठं काय दमतच न्हाय." मी म्हणते, मग बरंच आहे की. ते म्हणतात, बरंच हाय.

मागच्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरातला फ्रिजचा प्लग तापायला लागला. दाजी ड्यूटीवर, म्हणून भिगवण रस्त्यावरचा एक अनोळखी वायरमन बोलावला. चटपटीत बोलत त्याने झाकण उघडलं आणि ते उलटं करून उजेडाकडे धरलं. हात थांबला. डोळे अर्धे मिटले की काय, असं मला उगाच वाटलं. मी कुकर लावायला वळले. काम संपवून तो गेल्यावर मी मेन बंद केला, हो, आधी मेन बंद केला, आणि झाकण सोडवलं.

वर दाजींचं अक्षर होतं. 'पुढच्या वायरमनला नमस्कार. ह्या सॉकेटची वायर बारीक पडते. फ्रिजपुरती चालेल. ह्यावर मिक्सर लावू देऊ नका. लावतीलच.' त्याखाली ताज्या पेन्सिलीने, वेगळ्या हाताने लिहिलं होतं, 'नमस्कार. वाचलं. जाड वायर ओढली आहे. आता मिक्सर लावला तरी चालेल.'

मी झाकण तसंच टेबलावर ठेवलं आहे, स्क्रू लावले नाहीत. रविवारी दाजी येतील.