प्रभावतीबाई आणि वरच्या रांगेतली बटनं

कुंभार पिंपळगावात प्रभावतीबाईंशी वाद घालायला कुणी खाली बसत नाही. उभ्या उभ्याच हार मानून निघतात. एकदा परीक्षा चालू असताना बाईंच्या टायपिंग क्लाससमोरून वरात आली, तर बाईंनी घोडं थांबवून नवरदेवालाच विचारलं, टायपिंग कुणाकडं शिकलास? वाजंत्री मुकाट पुढच्या चौकात जाऊन वाजली. नवरदेव बाईंकडंच दोनदा नापास झालेला होता म्हणतात. लोक काय, बाईंचे यजमान काकासाहेब चहासुद्धा विचारून पितात, असंही म्हणतात. ते मात्र खरं आहे.

बावीस वर्षं बाईंनी दोन खोल्यांत आठ संगणक मांडून पोरापोरींची बोटं वळवली. पण हल्ली नुसत्या टायपिंगला कोण विचारतो? म्हणून बाईंनी नव्या कोर्ससाठी अर्ज केला, सर्व्हर सांभाळायला शिकवणारा. सहा मुलींनी नावं दिली. पहिलं नाव अंबरीनचं. तिचे वडील सिराजोद्दीन यांनी साफ सांगून टाकलेलं, गावात होत असेल तर बिलकुल शिक, रोज जालन्याला जाणं-येणं जमणार नाही. बाकी पाच घरांतही हेच, फक्त शब्द वेगळे. म्हणजे कोर्स इथं आला तर सहाजणी शिकणार, नाहीतर सहाही घरी बसणार.

कोर्स मंजूर व्हायला अट एकच होती. शनिवारी तपासणीला येणाऱ्या साहेबांना निदान एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालताना दिसला पाहिजे. खरा नव्हे, आभासी. पण आपला आपण सुरू होणारा, आपला आपण बंद पडणारा. त्यासाठी प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशन नावाची सोय असावी लागते. बाईंनी शुक्रवारी सकाळी सगळ्यात बऱ्या मशीनवर तो पोटातला संगणक सुरू करायला घेतला, तर पडद्यावर नकार.

बसस्टँडजवळच्या सोहेबला बोलावणं गेलं. सोहेब बाईंचाच जुना विद्यार्थी, आता संगणक दुरुस्त करतो. त्यानं टास्क मॅनेजर उघडला, प्रोसेसरच्या माहितीत बोट ठेवलं. व्हर्च्युअलायझेशनपुढं लिहिलेलं, डिसेबल्ड. त्यानं डॉक्टर हलवतात तशी मान हलवली आणि जुनं मशीन आहे, नवं घ्या, असं सुचवलं.

बाईंनी प्रोसेसरचा नंबर चिठ्ठीवर उतरवला, मोबाईलवर बनवणाऱ्या कंपनीची यादी उघडली आणि एकेक ओळ खाली सरकत गेल्या. त्या नंबरापुढं सोय आहे, असं स्वच्छ लिहिलेलं.

"ट्यूब बंद असली म्हणून घरात ट्यूबच न्हाई, असं म्हणतो का रे तू?"

सोहेबनं ते मानलं. मग चालू करायचं म्हणजे संगणक सुरू होतानाच एफ-टू दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरायचं. सोहेबनं दाबलं. मशीन सरळ नेहमीसारखं उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेजारचा कीबोर्ड लावला, त्याच्या शेजारचा लावला. तेच.

"मॅडम, तीन तीन कीबोर्ड एकदम कसे बिघडतील? मशीनच आत घेऊन न्हाई राह्यलं. आतला मदरबोर्ड बदलावा लागंल, अन् तो सोमवारच्या आत येत न्हाई."

एवढं सांगून तो जुम्म्याच्या नमाजाला गेला.

सोमवार म्हणजे सहा मुली घरी. बाई खुर्ची ओढून बसल्या. हट्टी माणसाचा एक गुण असतो, तो सगळ्यांवर पाळीपाळीनं संशय घेतो. मशीनवर घेऊन झाला, सोहेबवर घेऊन झाला. आता कीबोर्ड उरले. बाईंनी एका फाइलचं नाव बदलायला एफ-टू दाबलं. काही नाही. एफ-फाइव्ह, काही नाही. वरची सगळी रांग मुकी, खाली अक्षरं मात्र खणखणीत. बाईंनी केसातली पिन काढली, एफ-टूखाली सरकवली आणि टोपी उचकटली.

आत लाल-पिवळा लगदा वाळून दगड झालेला.

बाईंना खंडेनवमी आठवली. त्या दिवशी शेतकरी विळा-कोयता पुजतो, ड्रायव्हर जीप पुजतो. बाई संगणक पुजायच्या. ओल्या बोटानं हळद, वर कुंकू, आठही कीबोर्डांना. अक्षरं खराब होऊ नयेत म्हणून टायपिंगला न लागणाऱ्या वरच्या रांगेत. इतक्या शहाणपणानं चूक करायलाही बाईच पाहिजेत.

नेमके तेव्हाच काकासाहेब डबा घेऊन आले. त्यांनी उचकटलेलं बटन पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर मिळालेली संधी सोडली नाही.

"दरवर्षी मी म्हणतच होतो, चिमूटभर पुरे."

बाईंनी त्यांना मेडिकलवरून स्पिरिट आणि कापूस आणायला पिटाळलं. ते आणून काकासाहेब दोन खुर्च्या सोडून बसले, सुरक्षित अंतरावर. बाईंनी बारा बटनं एकेक काढून पुसली, वाळवली, बसवली. डब्यातली भाकरी तशीच राहिली.

सोहेब नव्या मदरबोर्डाचा भाव विचारूनच परतला. बाईंनी त्याच्यासमोर मशीन बंद केलं, सुरू केलं, एफ-टू दाबलं. निळं पान उघडलं. प्रोसेसरच्या रकान्यात जाऊन सोय चालू केली, एफ-टेन दाबून जतन केली. मशीन उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये लिहिलेलं, एनेबल्ड.

सोहेबची नजर टोपलीतल्या लाल कापसाकडं गेली. बाईंना गप्प राहता आलं असतं. त्यांनी क्षणभर तसा विचार केलाही असेल.

"मशीन चांगलं होतं सोहेब. कुंकू माझं होतं."

"मी दुकानातला कीबोर्ड आणला असता तर पाच मिनटात कळलं असतं," सोहेब म्हणाला. "पण म्हणलं, मॅडमकडं आठ हायेत."

शनिवारी साहेबांनी संगणकाच्या पोटातला संगणक दोनदा बंद-चालू करून पाहिला आणि कागदावर सही केली. ही हकीकत कुणालाच सांगायची नाही असं ठरलं होतं, त्यामुळं ती सही होण्याआधी बाजारात पोचली. काकासाहेब आपण नव्हेच म्हणतात.

यंदा खंडेनवमीला सहाजणी नटूनथटून क्लासला आल्या. अंबरीननं फुलं आणली होती. कुंकू ठेवलं होतं, पण कोरडं, आणि तेही संगणकाच्या कॅबिनेटच्या पाठीला लावायला. तिनं फुलांची पिशवी उघडली, तर बाईंनी हात आडवा धरला.

"आधी वरची बारा बटनं दाबून दाखवा एकेकीनं. मंग फुलं."