त्यांच्या जागी गेलेला

मे महिन्याच्या शेवटी, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाला, घरोघरी झेंडे लागले की मला अमेरिकेतल्या डब्लिन गावातले आमचे म्हातारे अमेरिकन शेजारी आठवतात. दोन हजार चारच्या सुमारास नागपूरहून आलेली आई अंगणात त्यांच्याशी बोलत होती आणि मी दुभाष्या झालो होतो. महायुद्धात ते बॉम्बर विमानावर गनर, म्हणजे मशीनगन चालवणारे, होते. रात्रीच्या एका हल्ल्याआधी त्यांना ताप चढला, त्यांच्या जागी दुसरा मुलगा गेला आणि ते विमान परतलंच नाही. आईने विचारलं, “त्या मुलाच्या आईला भेटलात का हो?” ते म्हणाले, “युद्ध संपल्यावर गेलो. वाटलं, दारातूनच हाकलेल. तिने जेवायला वाढलं आणि विचारलं, आता तब्येत बरी आहे ना?” हे मी आईला मराठीत सांगितलं. त्या बाईच्या जागी मला तसं वागता आलं असतं का, हे आज स्वतःची मुलं मोठी झाल्यावरही मला सांगता येत नाही.