रिग जागची हलली त्याच्या दुसऱ्या सकाळी

ऐंशीच्या दशकात मी नौदलाच्या एका लहान गस्ती जहाजावर लीडिंग सीमन होतो. काम रडार प्लॉटरचं. रडारवर जे ठिपके दिसतात ते चार्टवर पेन्सिलीने मांडायचे आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, साहेबांना सांगायचं. जहाजावर आम्ही पस्तीस माणसं. पोस्टिंग कच्छच्या बाजूला, समुद्रात उभ्या असलेल्या एका ऑइल रिगच्या राखणीला.

मुलुंडला आमच्या सोसायटीत लोक मला अजून विचारतात, लढाई नव्हती तर तुमचा माणूस गेला कसा? मी आजवर दोन मिनिटांत उत्तर देऊ शकलेलो नाही. म्हणून हे लिहून काढतोय. लिहूनही सगळं नीट लागेल याची खात्री नाही, कारण मलाच ते पूर्ण लागलेलं नाही.

आधी रिग म्हणजे काय ते सांगतो. तीन लोखंडी पायांवर समुद्रात उभं केलेलं एक कारखान्याएवढं धूड. ते तळाला भोक पाडून तेल शोधतं. नाही लागलं तर पाय वर घेतात, टग, म्हणजे ओढणाऱ्या बोटी लावतात आणि ओढून दुसरीकडे नेऊन उभं करतात. ही रिग शेजारी देशाच्या पाण्याजवळ होती. शेजाऱ्याचं नाव घ्यायची गरज नाही, नकाशा सगळ्यांनी पाहिलाय. अडचण अशी की समुद्रात तारेचं कुंपण नसतं आणि तिथली हद्द दोघांनी मिळून कधी ठरवलेलीच नव्हती. आमच्या चार्टवर एक रेघ होती, त्यांच्या चार्टवर दुसरी. मधल्या पाण्यात सगळा तळ्यात-मळ्यातचा खेळ.

शेजाऱ्याने लेखी निषेध केला, की तुमची रिग आमच्या पाण्याकडे सरकतेय. त्यावर आम्हाला वरून चार आदेश आले. एक, रिगच्या आसपास परकी बोट येऊ द्यायची नाही. दोन, गोळी चालवायची नाही. तीन, जहाजाने रिगपासून तीन मैलांपलीकडे जायचं नाही. चार, रिगची जागा उघड्या रेडिओवर बोलायची नाही, ती फक्त सीलबंद पत्राने कळवली जाईल. एकेक आदेश वाचला तर शहाणपणाचा वाटायचा. चारही एकत्र वाचले की डोकं चालेनासं व्हायचं.

मधुकर तावडे माझ्या मेसमधला. तोही लीडिंग सीमन, पण डेकवरचा. जहाजाची रबरी बोट, जेमिनी, तो चालवायचा. तो घाटकोपरचा, मी तेव्हा विक्रोळीचा. दोघांचे वडील गिरणीतले, दोघांच्याही गिरण्या बंद पडलेल्या. मी पाच वर्षांत एवढी नीट बोट चालवणारा माणूस पाहिला नाही. त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. नौदलातून सुटलो की रिगवर क्रेन ऑपरेटर व्हायचं.

"चौदा दिवस काम, चौदा दिवस घाटकोपर," तो म्हणायचा. "वर हेलिकॉप्टरने जायचं यायचं. झकास ना?"

"आणि उलटी झाली हेलिकॉप्टरमध्ये तर?"

"तुझ्या टोपीत करीन, सावंत. तू आहेस कशाला?"

जानेवारीत आम्ही पाणी आणि डिझेल भरायला दोन दिवस बंदरात गेलो. तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो आणि सात वाजता रिगच्या पट्ट्यात पोचलो. समुद्र शांत होता, पण धुरकं दाट होतं. मैलाच्या पुढचं दिसत नव्हतं. रडारवर मात्र रिगचा मोठा ठिपका स्पष्ट आला.

आता माझी चूक. ती आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. त्या भागात जमीन रडारवर येत नसे. मग जहाज नेमकं कुठे आहे हे कसं ठरवायचं? वेग आणि दिशा धरून अंदाज मांडायचा, त्याला आम्ही डीआर म्हणतो. पण तिथे प्रवाहाला ओढ फार, अंदाज हमखास चुकायचा. म्हणून आम्ही रिगलाच खूण धरायचो. रिग चार्टवर कुठे आहे हे माहीत, रडारवर ती किती लांब आणि कोणत्या दिशेला हे दिसतं, त्यावरून आपली जागा काढायची. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, हलणाऱ्या वस्तूला खूण धरू नये. पण रिग महिनोन्‌महिने एका जागी उभी असते. रोज बघून बघून ती आम्हाला डोंगरासारखी वाटायला लागली होती.

त्या सकाळी डीआर आणि रिग जुळेनात. सहा मैलांचा फरक आला. सहा मैल म्हणजे जास्तच. मी पेन्सिल हातात धरून क्षणभर थांबलो. नेव्हिगेटिंग ऑफिसर म्हणाले, "काय झालं, सावंत?"

"काही नाही सर. प्रवाह आज जोरात दिसतोय."

मी खोडरबर घेतला, डीआरची रेघ पुसली आणि रिगवरून काढलेली जागा मांडली. त्यांनी बघितलं, मान हलवली. सहा मैलांचा फरक आहे, एवढं एकच वाक्य तोंडातून काढायचं होतं, आणि मी ते काढलं नाही. का काढलं नाही, ते अजून कळलेलं नाही.

साडेसातला रिगच्या पलीकडे, वायव्येला पाच मैलांवर एक लहान ठिपका दिसला. सावकाश सरकत होता. आमच्या चार्टवर रिगपासून हद्दीची रेघ नऊ मैल. म्हणजे ठिपका रेघेच्या चार मैल आत, आमच्या बाजूला. कॅप्टनसाहेब लेफ्टनंट कमांडर होते, सावध माणूस. जहाज रिगपासून तीन मैलांवर नेऊन त्यांनी थांबवलं, कारण त्यापुढे जायचा हुकूम नव्हता. पुढच्या दोन मैलांसाठी जेमिनी उतरवायला सांगितली. तावडे आणि आणखी दोघं. वेळ ०७५५.

मी वॉकीटॉकीवर वायव्येची दिशा दिली; जेमिनीचं रेडिओवरचं नाव ब्राव्हो. "ब्राव्हो, कोर्स थ्री वन झिरो."

"थ्री वन झिरो, रॉजर." तावडेचा आवाज. मग हळूच, "चहा ठेव माझा."

धुरक्यात जेमिनी लगेच दिसेनाशी झाली. रडारवर तिचा बारीक ठिपका येत जात होता, पण सरळ रेषेत. ०८१० ला तो बोलला. "मच्छीमार होडी आहे. सहा माणसं. जाळं पाण्यात."

कॅप्टनसाहेब म्हणाले, "परत फिरायला सांग त्यांना."

"सांगतोय सर. ते म्हणतायत, हद्द तुम्ही ओलांडलीय."

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी चार्टकडे बघितलं. "चार मैल आत आहेत, सर."

"ब्राव्हो, तुम्ही आपल्याच पाण्यात आहात. होडीला बाहेर काढा."

"रॉजर." मग थोड्या वेळाने, "सर, दुसरी बोट येतेय. करडी. पुढे गन आहे."

त्या बोटीवरच्या कर्ण्याचा आवाज आम्हाला थेट ऐकू येत नव्हता, तावडेने बटण दाबून धरलं म्हणून रेडिओवर ऐकू आला. पलीकडचा माणूस हिंदीत ओरडत होता, तुम हमारे पानी में हो, वापस जाओ. आणि तावडे त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता, तुम हमारे पानी में हो, वापस जाओ. दोघांचं वाक्य शब्द न् शब्द एकच. दोघांनाही आपण खरं बोलतोय याची पुरेपूर खात्री होती.

कॅप्टनसाहेबांनी मुख्यालयाला विचारलं, काय करू? उत्तर आलं, "वेट." तीन मिनिटांनी दुसरं आलं, "कन्फर्म युअर पोझिशन."

तेव्हा मला पुसलेली डीआरची रेघ आठवली. मी म्हणालो, "सर, एकदा रिगला विचारू या." का, ते कॅप्टनसाहेबांनी विचारलं नाही. स्वतः माइक घेतला आणि रिगच्या रेडिओ ऑपरेटरला जागा विचारली.

"सॉरी सर, ओपन चॅनलवर पोझिशन द्यायची परवानगी नाही."

"आकडे नकोत. परवाच्याच जागेवर आहात का? येस ऑर नो."

मग तो म्हणाला, "नो सर. काल शिफ्ट झालो. तुम्हाला पत्र नाही मिळालं?"

पत्र निघालं होतं. आम्ही ज्या बंदरातून पहाटे निघालो, तिथे ते त्याच दिवशी दुपारी पोचलं. रिग सहा मैल वायव्येला सरकली होती. म्हणजे रेघ तिच्यापासून तीनच मैलांवर, आणि तावडे रेघेच्या दोन मैल पलीकडे. मी पुसलेला डीआर बरोबर होता.

"ब्राव्हो, रिटर्न! ताबडतोब मागे फिरा!" कॅप्टनसाहेब ओरडले. त्याच वेळी रेडिओवर फायरिंग ऐकू आलं. पहिल्या फैरी हवेत किंवा पाण्यात असाव्यात. नंतरचं कुणालाच नीट सांगता येत नाही. बोटीतल्या दोघांनी चौकशीत दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि दोघंही खोटं बोलणारे नव्हते.

गोळी तावडेला खांद्याखाली लागली होती. तरी बोट त्यानेच वळवली आणि अर्ध्या वाटेपर्यंत त्यानेच आणली. ०८५० ला जेमिनी जहाजाला लागली. रिगमार्फत किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर मागवलं. ते येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्याने एकदाच विचारलं, "आपण आत होतो ना रे?" मी हो म्हणालो. ०९२० ला तो गेला. हेलिकॉप्टर ०९३५ ला आलं.

चौकशी तीन दिवस चालली. मी खोडरबरासकट सगळं सांगितलं. मला शिक्षा होईल अशी माझी समजूत होती, खरं तर मला ती हवीच होती. झाली नाही. अंतिम कागदावर ओळ आली, "धुक्यामुळे बोट भरकटली." मी विचारलं, बोट कुठे भरकटली? एका अधिकाऱ्याने समजावलं. जहाजाची जागा चुकली असं लिहायचं तर का चुकली ते लिहावं लागेल. ते लिहायचं तर रिग कुठे हलली ते लिहावं लागेल. आणि रिगची जागा गुप्त आहे. मी म्हणालो, "सर, ज्यांच्यापासून गुप्त ठेवायची, त्यांनी तर या वेळच्या निषेधाच्या पत्रात नवी जागा लिहूनच पाठवलीय." ते म्हणाले, "सावंत, सही करा." मी सही केली.

पुढे धोरण बदललं. रिग हलवण्याआधी राखणीच्या जहाजाला सांकेतिक संदेशाने कळवायचं, असा नियम आला. नियम चांगला आहे. तो आमच्यामुळे आला की आपोआप, हे मला कुणी सांगितलं नाही.

रजा मिळाल्यावर मी घाटकोपरला तावडेच्या घरी गेलो. टेकडीवरची चाळ, चिंचोळी वाट. त्याचे वडील आतल्या खोलीत पडून होते. आई दारात बसली होती. मला बघून उठली नाही. तिच्या मांडीवर तो कागद होता, कुणाकडून तरी तिने वाचून घेतला होता.

"ह्येच्यात लिवलाहा, बोट वाट चुकली," ती म्हणाली. "बोट तर माझो मधूच चालवी होतो. चाळीतली माणसा म्हणतत, तोच चुकान दुसऱ्याच्या पाण्यात गेलो. माका खरा सांग, सावंता. त्येची चूक होती?"

मला काय बोलायची परवानगी आहे आणि काय नाही, याचा सबंध वाटेवर मी हिशेब केला होता. तो तिथे एकदम निरुपयोगी झाला.

"नाही काकी. दिशा मी दिली होती. मी चुकीची दिली. तो मी सांगितलं तिथेच गेला."

"तू सांगितलंस थंयच? सरळ?"

"सरळ. शेवटपर्यंत."

मला वाटलं आता शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मी तयार होतो. ती उठली आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेली. "ऐकलास काय?" तिने नवऱ्याला मोठ्याने सांगितलं. "मधू चुकलो नाय. ह्यो सांगता." मग शेजारचं दार वाजवून तिने तिथेही तेच सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या दारातही. मी उंबऱ्याशी उभा होतो. माझ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

त्याचं नाव लिहून थांबतो. लीडिंग सीमन मधुकर तावडे, राहणार घाटकोपर. त्याला दिलेला कोर्स थ्री वन झिरो. धुरक्यात, दोन मैल, त्याने तो एका डिग्रीनेही चुकवला नाही.