न रडलेली थोरली जाऊ

पुरस्कारांची यादी मोबाईलवर आली तेव्हा आम्ही सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात बसलो होतो. दुकान माझ्या वर्गमित्राचं. जैन घरातला, आजोबांपासून अडत चालवणाऱ्यांतला, आणि सिनेमाचं वेड घरात एकट्यालाच. समोर शिराळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. माल घालायला आले की संध्याकाळपर्यंत तिथंच बसायचे, कारण गावात सिनेमावर बोलायला त्यांना कोणी नव्हतं. तिसरी मी.

मित्राने यादी वर-खाली केली आणि फोन पोत्यावर उपडा ठेवला. "न्हाई," एवढंच म्हणाला.

कोण नाही, हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

ज्या बाईंचं नाव आम्ही शोधत होतो, त्यांचा सिनेमा सांगलीत जेमतेम आठवडाभर टिकला होता, तोही दुपारच्या खेळाला. गोष्ट एका घराच्या वाटणीची. त्यात बाईंनी केलेली थोरली जाऊ आहे. नवरा लवकर गेलेला, दिरांना तिनेच वाढवलेलं. अंगणात भांड्यांची वाटणी चाललेली असते, भाऊ एकमेकांवर ओरडत असतात आणि हिच्या वाट्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती भांडी पुसून पुढे सरकवत असते. मध्येच तिच्या हातात पितळी कळशी येते. माहेरची, वडिलांचं नाव घातलेली. ती कळशी पुसते, नावाची बाजू भिंतीकडे वळवते आणि धाकटीच्या ढिगाकडे सरकवते. मग पुढचं पातेलं उचलते. तोवर कॅमेरा भावांकडे गेलेला असतो.

एवढ्याशा गोष्टीवर आम्ही कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या. सुभेदारांचं म्हणणं, भावांना लाज वाटू नये म्हणून तिनं नाव लपवलं. मित्र म्हणायचा, अजिबात नाही, ती चिडलीय. पुढं कधीतरी धाकटी पाण्याला जाईल, कळशी फिरवेल आणि तिला ते नाव दिसेल, एवढीच धाकटीला शिक्षा. मला वाटायचं, तिला स्वतःलाच ते नाव बघवत नव्हतं. आणि हे सगळं त्या एका वळवण्यात मावत होतं. चेहरा तर जवळजवळ दगडासारखा.

बक्षीस मिळालं ते दुसऱ्या एका सिनेमातल्या बाईंना. त्यांनी टाहो फोडला होता. मित्र म्हणाला, "सौद्यात हळकुंड मोडून बघत्यात. आतला रंग बघितल्याबिगर कोण बोली लावत न्हाई. ह्यांनी नुसतं पॉलिश बघितलं."

मी घरी गेले आणि पत्रक लिहायला बसले. मला दुसरं काही येत नाही. माझे वडील पाण्याच्या चळवळीतले. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकांचे गठ्ठे होते आणि मी जोडाक्षरं 'धिक्कार' आणि 'निष्क्रिय' या शब्दांवर शिकले. अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो. या वेळी सुचला, 'परीक्षकांनो, डोळे कुठं होते?' मोठी शहरं, मोठी आडनावं, खेड्यातल्या कलावंतांची उपेक्षा, सगळं आलं. नाट्यगृहाबाहेर वाटायचं आणि फोनवरूनही सगळीकडं पाठवायचं ठरलं.

सुभेदारांनी ते दोनदा वाचलं. "लय झणझणीत झालंय," म्हणाले. "पर पोरी, पलटणीत तक्रार वर जायच्या आधी जवानाला इचारत्यात, तुझी तक्रार हाय का म्हणून. बाईंना इचारलंस?"

नव्हतं विचारलं. थोरली जाऊ केलेल्या त्या बाई मलकापूरला राहतात, तिथंच शाळेत शिकवतात. मित्राची आणि त्यांची हौशी नाटकांमुळे तोंडओळख होती. रविवारी त्याच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो.

बाई सहामाहीचे पेपर तपासत होत्या. त्यांनी गठ्ठा बाजूला केला, चहा केला, कळशीवरून चाललेली आमची भांडणं ऐकली आणि हसल्या. तिघांतलं खरं कुणाचं, असं सुभेदारांनी विचारलंच. बाईंनी सांगितलं नाही. मात्र दुसरंच एक सांगितलं. दिग्दर्शकाने त्यांना कळशी उराशी धरून रडायला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, ही बाई सगळ्यांसमोर रडणार नाही. वाद झाला. शेवटी दोन्ही प्रकारे चित्रण झालं आणि संकलन करताना कुणीतरी न रडलेलं ठेवलं.

"रडले असते तर मिळालं असतं बक्षीस," त्या म्हणाल्या.

"मग रडायचं की, बाई," सुभेदार म्हणाले. सगळे हसले.

मग मी पत्रक दिलं. त्यांनी ते हातात लाल पेन तसंच ठेवून वाचलं. खूण कुठंच केली नाही. चेहरा पडद्यावर होता तसाच झाला.

"हे वाटू नका," त्या म्हणाल्या.

मी वाद घातला. गप्प बसणं म्हणजे परीक्षकांना साथ देणं, वगैरे. मला ते सगळं पाठ होतं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग सांगितलं, की परीक्षकांतल्या एकाच्या नव्या सिनेमासाठी त्यांचं नाव पुढं गेलंय. भूमिका मोठी आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पटकथा घरी आलीय. येत्या महिन्यात चाचणीला बोलावतील.

"त्या पत्रकात तुम्ही रागावणार आणि नाव माझं छापणार," त्या म्हणाल्या. "मला काम पाहिजे. वय निघून चाललंय. न्यायाचं नंतर बघू."

मी नाव काढून टाकते म्हणाले. मित्र माझ्याकडं बघत म्हणाला, "नाव काढल्यावर कुणासाठी वाटायचं गं मग?"

 पत्रक वाटायचं नाही, हे परतताना गाडीत कासेगावच्या आधीच ठरलं होतं. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. परीक्षकांवर काढता येत नव्हता, बाईंवर तर नाहीच. आयुष्यात पहिल्यांदा राग नुसताच अंगात राहिला. तापानंतर अंग दुखतं तसा.

दिवाळीनंतर एका दुपारी मित्राच्या दुकानात बाईंचा फोन आला. आम्ही तिघंही होतो. त्याने स्पीकर लावला. भूमिका मिळाली होती.

मित्राने पेढे मागवायला गडी पाठवला. सुभेदार फोनजवळ वाकून म्हणाले, "आवं बाई, लय ब्येस झालं. काय करून दाखवलंत?"

"आईचा प्रसंग होता. मुलगा घर सोडून जातो तो."

"मग?"

 पलीकडं शाळेची घंटा ऐकू आली.

"रडले," बाई म्हणाल्या. "चांगली रडले. त्यांनी थांबा म्हणेपर्यंत."

 सुभेदार म्हणाले, "काम तर मिळालं."

"व्हय," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असा गावाकडचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी विचारलं, "त्या पत्रकवाल्या ताई आहेत का तिथं?"

मी आहे म्हणाले.  मी काहीतरी म्हणेन याची त्या वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. मला म्हणायचं होतं, की तुम्ही हरला नाहीत. पण ते पत्रकातलं वाक्य झालं असतं.

"अभिनंदन, बाई," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मित्र म्हणाला, सिनेमा येईल तेव्हा पहिल्याच दिवशी जायचं, दुपारचा खेळ असला तरी. सुभेदार व्हय म्हणाले. मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"माझंही तिकीट काढ," मी म्हणाले.